बाहुलीला बसायला जागा असलेली लहान मुलांची सॅक घरी कशी शिवायची

दुकानात मिळणाऱ्या सॅकवर बाहुलीचं चित्र असतं, पण खरी बाहुली ठेवायची सोय कुठंच नसते. मग ती डब्याशेजारी कोंबली जाते, चेन लावताना तिचे लोकरीचे केस रनरमध्ये अडकतात आणि अर्ध्या वाटेत रडारड सुरू होते. मुलीच्या लेखी बाहुली सोबतीला निघालेली असते. तिला बाहेर बसून सगळं दिसलं पाहिजे, आणि एसटीत चढताना ती पडलीही नाही पाहिजे. या दोन्ही गोष्टी साधायच्या असतील तर नेहमीची सॅक शिवून वर एक खिसा लावून भागत नाही. आधी बाहुलीची बैठक मापाने आखायची आणि सॅक तिच्याभोवती उभी करायची.

इथं दिलेली मापं ४ ते ६ वर्षांच्या मुलासाठी आणि १२ इंची कापडी बाहुलीसाठी आहेत. तयार सॅक ११ इंच उंच, ९ इंच रुंद आणि साडेतीन इंच खोल होते. घरच्या साध्या मशीनवर, पायाच्या किंवा मोटरच्या, ती आरामात शिवून होते. तुम्हाला सरळ टीप मारता येत असेल आणि चेन लावायचा थोडा सराव असेल तर एवढं पुरे.

आधी बाहुलीचं माप

बाहुलीला कपड्यांसकट भिंतीला टेकवून बसवा. कपडे काढून मोजलंत तर फ्रॉकच्या चुण्यांची जाडी हिशेबात येत नाही आणि बैठक आवळ होते. आता टेपने पाच मापं घ्या आणि कागदावर लिहा:

- बुडापासून डोक्यापर्यंत बैठी उंची (आपल्या बाहुलीची ८ इंच)
- बुडापासून खांद्यापर्यंत (साडेपाच इंच)
- एका कुशीपासून पोटावरून दुसऱ्या कुशीपर्यंत (५ इंच)
- पाठ भिंतीला टेकते तिथून बुडाखालून, दोन पायांमधून वर छातीपर्यंत (६ इंच)
- दोन मांड्यांमधली जागा (दीड इंच)

यातलं चौथं माप सगळ्यात महत्त्वाचं. ते घेताना टेप बाहुलीच्या अंगाला लागून फिरू द्या, ताणू नका. पोटाची उंची तेवढी मोजली तर बुडाखालचे अडीच इंच राहून जातात आणि बाहुली सॅकला चिकटण्याऐवजी पुढं लोंबते.

बार्बीसारखी साडेअकरा इंची सडपातळ बाहुली असेल तर पुढची बैठक तिला नीट बसत नाही, कारण तिचे पाय फारसे फाकत नाहीत. तिच्यासाठी पायांपासून कमरेपर्यंत येईल असा अरुंद खिसा आणि छातीवरून एक वेल्क्रोचा पट्टा, एवढंच करा. बाकी सॅक तीच.

कापड आणि सामान

बाहेरून मध्यम जाडीचं सुती कॅनव्हास घ्या. घरच्या मशीनला जाड कॅनव्हास झेपत नाही, कारण शेवटच्या जोडणीत सुईखाली सहा-सात थर येतात. कॅनव्हासऐवजी जुनी जीन्सही चालते आणि छान दिसते. ४४ इंच पन्ह्याचं पाऊण मीटर कापड पुरतं. अस्तराला पॉपलीन किंवा केंब्रिक, अर्धा मीटर. आपल्याकडे इचलकरंजी-विट्याच्या मागांवरचं सुती कापड सहज मिळतं, तेव्हा अस्तरासाठी सिंथेटिक घेण्याचं काही कारण नाही. सांगलीत असाल तर कापड पेठ आणि हरभट रोडला एका फेरीत कापड मिळून जाईल.

बाहुलीच्या बैठकीला खण लावला तर फार देखणा दिसतो. मात्र खणाचे धागे काठाला लगेच सुटतात आणि पन्हाही लहान असतो. म्हणून कापण्याआधी त्याच्या उलट्या बाजूला इस्त्रीने चिकटणारं बकरम लावून घ्या आणि मगच कातर चालवा.

गादीसाठी, म्हणजे पाठीला टोचू नये म्हणून जो मऊ थर लागतो त्यासाठी, बाजारात ६ मिलिमीटरचा फोम मिळतो. मी मात्र जुन्या सुती साडीचे चार थर घालून गोधडीसारखा धावदोरा घालते. फोम धुतल्यावर लवकर वाळत नाही, पावसाळ्यात तर दोन-दोन दिवस कुबट वास येतो. साडीचे थर उन्हात टाकले की वाळतात, आणि आजीच्या पातळाचा तुकडा नातीच्या पाठीशी राहतो. फक्त खांद्याच्या पट्ट्यांत फोम घाला, तिथं त्याचा उसळीपणा लागतो.

बाकीचं सामान: मीटरवर मिळणारी ५ नंबरची चेन २० इंच आणि तिचा रनर, १ इंची बेल्टपट्टी सव्वा मीटर, त्याच मापाचे दोन ॲडजस्टर, १ इंची वेल्क्रो अर्धा मीटर, शिवणींच्या कडांसाठी उरेप (कापडातून तिरकी कापलेली) पट्टी सव्वादोन मीटर, पॉलिस्टर दोरा. सुती दोरा खांद्याच्या पट्ट्यांना टिकत नाही. सुई १६ नंबरची, नवी. टाक्याची लांबी ३ मिलिमीटर ठेवा.

कॅनव्हास कापण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवा, वाळवा, इस्त्री करा. सुती कॅनव्हास पहिल्या धुण्याला आटतं. शिवून झाल्यावर आटलं तर चेन नागमोडी होते, आणि मग ती सरळ करायला काही उपाय उरत नाही.

कापणी

सगळ्या मापांत अर्धा इंच माया, म्हणजे शिवणीत जाणारी जादा कड, धरलेली आहे. उभा धागा सॅकच्या उंचीच्या दिशेने ठेवा.

पुढचा आणि मागचा भाग प्रत्येकी १० बाय १२ इंच, बाहेरच्या कापडाचा एकेक आणि अस्तराचा एकेक. चारही कोपरे गोल करा. त्यासाठी ५ इंच व्यासाची वाटी कोपऱ्यावर ठेवून खडूने रेघ मारली की झालं. गादीचे थर मात्र ९ बाय ११ इंचच कापा, त्यांचेही कोपरे गोल करून. ते शिवणीत आले तर सुई चालणार नाही.

चेनच्या दोन बाजूंच्या पट्ट्या अडीच बाय १९ इंच, बाहेरच्या दोन आणि अस्तराच्या दोन. तळाची आणि बाजूंची एकच लांब पट्टी साडेचार बाय साडेवीस इंच, बाहेरची एक, अस्तराची एक. हिशेबाने ती साडेएकोणीस इंच लागते. एक इंच मुद्दाम जास्त ठेवा, जोडायच्या वेळी मोजून कापू.

खांद्याच्या पट्ट्या ५ बाय १३ इंच, दोन. बाहुलीच्या खांद्यांसाठी ३ बाय ६ इंचाच्या दोन. मागच्या बाजूच्या झाकणपट्टीला अडीच बाय ८ इंचाचा तुकडा आणि खालच्या कोपऱ्यांसाठी ४ इंची चौकोन दोन.

बैठकीचा तुकडा कागदावर आखून घ्या. मधोमध ८ इंचांची उभी रेघ मारा. खालचे साडेचार इंच हा तुकडा अडीच इंच रुंद राहतो. पुढच्या १ इंचात दोन्हीकडे गोलाकार बाहेर वळतो आणि वरचे अडीच इंच ९ इंच रुंद होतो. म्हणजे खाली शेपूट आणि वर दोन पंख. हा बाहेरच्या कापडाचा (किंवा खणाचा) एक आणि अस्तराचा एक कापा.

बैठक शिवणं

यात घाई करू नका. सॅकचा बाकी भाग थोडा वाकडा झाला तरी कुणाच्या लक्षात येत नाही, पण बैठक चुकली तर बाहुली कलते आणि मूल ती सॅक वापरत नाही.

ही बैठक तान्ह्या बाळाच्या लंगोटासारखी काम करते. शेपूट सॅकवर पक्कं शिवलेलं, बाहुली त्यावर ठेवायची, तुकडा पायांमधून वर आणून पंख दोन्ही कुशींजवळ सॅकला चिकटवायचे. वरून आत ढकलायची, पाय भोकांतून बाहेर काढायचे, असलीही पद्धत असते. पण चार वर्षांच्या बोटांना ते जमत नाही, आणि दर वेळी आईला हाक मारावी लागते. लंगोट मुलं स्वतः बांधतात.

अस्तराच्या तुकड्यावर आधी वेल्क्रोच्या खरखरीत बाजूचे दीड इंची दोन तुकडे शिवा, दोन्ही पंखांच्या टोकांशी, मायेच्या आत. बाहेरच्या तुकड्यावर वरच्या काठापासून पाऊण इंच खाली, मध्यापासून दोन्हीकडे सव्वा इंचावर, मऊ वेल्क्रोचे लहान तुकडे शिवा. खरखरीत बाजू कुठं आणि मऊ कुठं हे पक्कं लक्षात ठेवा. सॅकच्या अंगावर नेहमी मऊ बाजू असावी. खरखरीत बाजू तिथं लावली तर बाहुली नसताना शेजारच्या मुलीची ओढणी, स्वेटर, स्वतःचे केस, सगळं त्याला चिकटत राहतं.

आता दोन्ही तुकडे सुलट बाजू आत ठेवून शिवा, शेपटाचं टोक उघडं ठेवा. गोलाईवर मायेला पाव-पाव इंचावर कातरे मारा, शिवणीला न लागता. सुलटं करा. कोपरे पेन्सिलीच्या बोथट टोकाने बाहेर काढा, इस्त्री करा आणि काठापासून दोन दोरे आत सगळीकडून वर टीप मारा. शेपटाचं उघडं टोक अर्धा इंच आत दुमडा.

पुढच्या भागाच्या बाहेरच्या कापडावर, खालच्या कापलेल्या काठापासून अडीच इंचांवर आडवी रेघ मारा. ही बुडाची रेघ. तिथून साडेपाच इंच वर दुसरी, खांद्याची रेघ. कापडाच्या उलट्या बाजूला या दोन्ही जागी कॅनव्हासचा ३ इंची जादा तुकडा टाचा. सगळा ताण इथं येणार आहे आणि एकेरी कापड वर्षभरात फाटतं.

शेपटाचं दुमडलेलं टोक वर, अस्तराची बाजू तुमच्याकडे, अशा रीतीने शेपटाचा शेवटचा १ इंच बुडाच्या रेघेच्या वर, मधोमध ठेवा. बाकीचा तुकडा खाली लोंबतो आहे ना ते पाहा. त्या १ इंचात चौकोनी टीप मारा आणि चौकोनात फुली. दोनदा फिरवा. तुकडा वर उचलला की कापडाची चांगली बाजू बाहेर आली पाहिजे आणि शेपूट बाहुलीच्या पाठीमागं झाकलं गेलं पाहिजे.

बाहुलीच्या खांदेपट्ट्यांच्या कडा मध्यावर आणून परत दुमडा, पाऊण इंच रुंद पट्टी होईल. एक टोक आत दुमडून तिथं खालच्या बाजूला खरखरीत वेल्क्रो लावा. दुसरं टोक खांद्याच्या रेघेवर, पट्टी वर करून शिवा, मग पट्टी खाली वळवून पुन्हा एक टीप मारा. म्हणजे कच्चं टोक आत दबतं. दोन पट्ट्यांच्या मध्यांमध्ये अडीच इंच अंतर ठेवा. गळ्याभोवती फिरणारी पट्टी कधीही लावू नका. बाहुलीला त्याचा त्रास नाही, पण मुलं स्वतःचं डोकं त्यात घालून बघतात.

सॅकवरच्या मऊ वेल्क्रोची जागा टेपने ठरवू नका. बाहुली प्रत्यक्ष बसवा, लंगोट वर आणा, पंख जिथं सपाट टेकतात तिथं खडूने खूण करा. साधारण मध्यापासून २ ते साडेतीन इंचांच्या पट्ट्यात ती येते. उभा तुकडा २ इंच लांब लावा, म्हणजे थंडीत बाहुलीला स्वेटर घातला तरी पंख वर-खाली सरकवता येतात.

माझ्या भाचीने पहिल्यांदा बाहुली बसवली तेव्हा विचारलं, "आत्या, हिला मागचं दिसतं ना? मला मागचं दिसत नाही, हीच बघेल." म्हणून बाहुलीचं तोंड बाहेरच ठेवा. आतल्या बाजूने बसवली तर पडण्याची भीती जरा कमी, हे खरं. पण मग तिला कुणी बाहेर काढून घेतलं तरी मुलाला कळत नाही, आणि तिला बाहेर बसवण्याचं कारणच उरत नाही.

मागची बाजू आणि खांद्याचे पट्टे

पट्ट्याचं कापड लांबीत दुमडून लांब बाजू शिवा, नळी सुलटी करा, २ इंच रुंद होईल. फोमची पावणेदोन इंची पट्टी आत सरकवा. मोठ्या सेफ्टी पिनला फोम अडकवून ओढला की सहज जातो. मग लांबीच्या दोन टिपा मारा. खालच्या टोकात ३ इंच बेल्टपट्टी ॲडजस्टरमधून ओवून, दुहेरी करून घाला, टोक आत दुमडून पक्कं शिवा.

मागच्या भागाच्या बाहेरच्या कापडावर, उलट्या बाजूने वर कॅनव्हासची जादा पट्टी टाचा. वरच्या काठापासून ३ इंचांवर पट्ट्यांची कच्ची टोकं येतील अशा रीतीने दोन्ही पट्टे ठेवा, आतल्या कडांत २ इंच अंतर. लहान मुलांचे खांदे अरुंद आणि उतरते असतात. हे अंतर जास्त झालं तर पट्टा दर दहा पावलांना घसरतो. मधे बेल्टपट्टीचं ७ इंची हँडल ठेवा. टोकांवर झाकणपट्टी कडा दुमडून बसवा, म्हणजे सगळ्यांची टोकं १ इंच आत जातील. चौफेर टीप, आणि मधून आणखी दोन आडव्या टिपा. सुई अडखळली तर मोटर थांबवून चाक हाताने फिरवा. इथं जबरदस्ती केली की सुई मोडते आणि तिचा तुकडा गादीत अडकून राहू शकतो, म्हणून मोडलीच तर दोन्ही तुकडे सापडेपर्यंत पुढं शिवू नका.

खाली, गोलाई संपते तिथं लगेच वर, दोन्ही बाजूंना १२ इंच बेल्टपट्टी लावायची. चौकोनी तुकडा तिरका दुमडून त्रिकोण करा, पट्टीचं टोक त्याच्या टोकातून आत १ इंच घालून चौकोन-फुली शिवा, त्रिकोणाची कच्ची बाजू सॅकच्या काठाशी जुळवा. नायलॉनची पट्टी कापली की टोक मेणबत्तीच्या आचेवर हलकं वितळवून घ्या, नाहीतर उसवत जातं. पट्टी ॲडजस्टरमधून ओवल्यावर शेवट दोनदा दुमडून शिवा म्हणजे ती निसटणार नाही.

छातीवरचा आडवा पट्टा हवा असेल तर तो वेल्क्रोचा करा. प्लॅस्टिकची क्लिप घसरगुंडीच्या कठड्यात अडकली तर सुटत नाही, वेल्क्रो ओढ बसली की उघडतो.

चेन आणि जोडणी

चेनची पट्टी सोपी आहे. बाहेरचं कापड आणि अस्तर यांच्यामधे चेनची एक बाजू ठेवून शिवा, उलटवा, वरून टीप. दुसरी बाजू तशीच. दोन कापडांत चेन अर्धा इंच दिसू द्या, म्हणजे तयार पट्टी मायेसकट साडेचार इंच रुंद येते. रनर आधी ओवून घ्या आणि दोन्ही टोकांना आडवी टीप मारून चेन बंद करा.

पुढच्या आणि मागच्या भागांना आतून गादी आणि अस्तर लावून काठाने कच्चे टाके घाला. तळाच्या पट्टीलाही अस्तर जोडा. आत खिसा हवा असेल तर याच वेळी अस्तरावर शिवा.

आता टेप उभी धरून पुढच्या भागाच्या शिवणरेघेवरून फिरवा. साधारण साडेछत्तीस इंच भरतील. त्यातून चेनपट्टीचे १८ इंच वजा करा, उरतील त्यात १ इंच माया मिळवा आणि तळाची पट्टी तेवढी कापा. दोन्ही टोकं चेनपट्टीला जोडून कडं तयार करा, माया तळाकडे वळवून वर टीप मारा, आतली कच्ची कड उरेप पट्टीने झाका.

कड्यावर आणि दोन्ही भागांवर वर, खाली, डावीकडे, उजवीकडे मध्यखुणा करा. आधी पुढचा भाग जोडा, सुलट बाजू आत. खुणा जुळवून टाचण्या लावा, गोलाईवर कड्याच्या मायेला अर्ध्या-अर्ध्या इंचावर लहान कातरे द्या. शिवताना कडं वर आणि सपाट भाग खाली ठेवा, म्हणजे चुण्या दिसतात आणि सोडवता येतात. लंगोट आणि खांदेपट्ट्या मधोमध टाचून ठेवा. मग चेन अर्धी उघडा आणि मागचा भाग तसाच जोडा. चेन बंद राहिली तर सॅक सुलटी करायला जागा उरत नाही. दोन्ही शिवणी दोनदा मारा. आतल्या कडांवर उरेप पट्टी चढवा आणि चेनमधून सॅक सुलटी करा.

मुलाच्या हाती देण्याआधी

बाहुली बसवून, सगळं चिकटवून सॅक उलटी धरा आणि जोरात झटका. बाहुली सरकली तर वेल्क्रो अर्धा इंच आत घ्या. मग आत २ किलो ज्वारीची पिशवी ठेवून सॅक रात्रभर हँडलने खुंटीला आणि दुसऱ्या रात्री एकेका पट्ट्याने टांगा. सकाळी शिवणींच्या टाक्यांमधून उजेड दिसतो का ते पाहा. दिसला तर तिथं पुन्हा टीप मारा.

केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांच्या आत असावं असं म्हटलं आहे. १६ किलोच्या मुलाला म्हणजे १ किलो ६०० ग्रॅम. बाहुली, पाण्याची बाटली आणि डबा मिळून एवढं सहज होतं, तेव्हा एकदा काट्यावर ठेवून बघाच. ३ वर्षांखालचं भावंड घरात असेल तर सॅकवर मणी, टिकल्या, बटणं लावू नका. शोभा हवी असेल तर रंगीत दोऱ्याचं भरतकाम करा.

सॅक थंड पाण्यात हाताने धुवा, वेल्क्रो बंद करून, आणि चेन उघडी ठेवून उलटी टांगा. मूल वाढलं की ॲडजस्टरची पट्टी आधी संपते. त्रिकोण उसवून तिथं १८ इंचांची नवी पट्टी घातली तर सॅक आणखी दोन वर्षं चालते. बाहुली बदलली तर फक्त लंगोट उसवा आणि नव्या बाहुलीच्या चौथ्या मापाने दुसरा शिवा. सॅकवरचा मऊ वेल्क्रो तसाच राहू द्या.